पोलने धुतलेल्या काचेवर वाळल्यानंतर पुन्हा पुन्हा पांढरे डाग उमटत असतील तर

शुद्ध पाण्याच्या पोलने, म्हणजे टोकाला ब्रश आणि पाण्याचे नोझल असलेल्या लांब दांड्याने, खिडक्या धुण्याचे काम नव्याने सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या महिन्यात एक तक्रार ऐकावी लागते. काम चालू असताना काच लख्ख दिसते, सामान गाडीत भरून आपण सोसायटीच्या फाटकाबाहेर पडतो आणि तासाभरात फोन येतो की काचेवर पांढरे ठिपके आले आहेत. परत जाऊन धुतले तरी दुसऱ्या दिवशी ठिपके हजर असतात. पुणे परिसरात बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर काम करताना मला हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या कारणांनी आला आहे की त्याचा माग कसा काढावा हे सविस्तर लिहिणे उपयोगी ठरेल असे वाटते.

या पद्धतीत ब्रशने मळ सुटतो, ब्रशमधल्याच नोझलमधून येणारे पाणी तो वाहून नेते आणि काच न पुसता तशीच वाळू दिली जाते. शेवटी फडके किंवा वायपर फिरत नसल्यामुळे शेवटच्या पाण्यात जे काही विरघळलेले किंवा मिसळलेले असेल ते सगळे काचेवरच राहते. एक चौरस मीटर काचेवर पाण्याचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या जाडीचा थर राहिला असे धरले तर ते पन्नास मिलिलिटर पाणी झाले. त्या पाण्याचा टीडीएस (एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये; यालाच पीपीएमही म्हणतात) ६०० असेल तर वाळल्यावर तीस मिलिग्रॅम क्षार मागे राहतात, आणि टीडीएस ५ असेल तर पाव मिलिग्रॅम. पहिला थर रस्त्यावरून दिसतो, दुसरा काचेला नाक लावूनही दिसत नाही. म्हणून पाणी शून्याच्या जवळ असावे आणि दहाच्या वर जाऊ नये, असा या कामातला सर्वसाधारण दंडक आहे.

तथापि डाग दिसले की लगेच रेझिन, म्हणजे पाण्यातले क्षार पकडणारे मणी, बदलायला धावणे ही चूक मी स्वतः केली आहे. एका इमारतीच्या जिन्याच्या उभ्या काचेसाठी मी दोनदा रेझिन बदलले, आणि दोष शेवटी काचेवरच्या छज्ज्यावर साचलेल्या सिमेंटच्या धुळीत निघाला. पाणी पहिल्या दिवसापासून निर्दोष होते. त्यानंतर मी एक क्रम ठरवून घेतला: आधी डाग वाचायचा, मग पाण्याची परीक्षा घ्यायची आणि त्यानंतरच खर्च करायचा.

डागाचा आकार काय सांगतो

तक्रार आली की काच धुण्यापूर्वी तिचे नीट निरीक्षण करावे, कारण एकदा धुतली की पुरावा नष्ट होतो. काचेकडे तिरप्या कोनातून, मागे काळोख असेल अशा बाजूने पाहावे; संध्याकाळी टॉर्च आडवी धरली तर आणखी स्पष्ट दिसते. संपूर्ण काचेवर सारख्या अंतराने गोल ठिपके असतील आणि प्रत्येकाची कड मध्यापेक्षा पांढरी असेल तर तो बहुधा पाण्यातल्या क्षारांचा डाग आहे, कारण थेंब वाळताना क्षार कडेकडे सरकून साचतात. काचेच्या वरच्या कडेपासून निघून खाली उतरलेल्या उभ्या रेघा असतील तर वरच्या चौकटीत, रबराच्या फटीत किंवा छज्ज्यावर काहीतरी साचलेले आहे. ठिपके नाहीत, रेघा नाहीत, पण सगळ्या काचेवर दुधट पडदा आहे, असे असेल तर पूर्वीच्या साबणाचा अंश, चौकटीवरचे निस्तेज झालेले पावडर कोटिंग (भुकटी रंगाचा थर) किंवा पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) यांपैकी एकाचा संशय घ्यावा. आणि ठिपके फक्त खालच्या चार बोटांत असतील तर पाणी पुरेसे सोडले गेले नाही, इतकेच.

हे निदान शंभर टक्के अचूक नसते, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरते.

आरशावरची थेंबाची चाचणी

पाणी दोषी आहे की निर्दोष, याचा निकाल देणारी सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे एक छोटा आरसा. तो स्वच्छ धुऊन, धागे न सोडणाऱ्या कापडाने कोरडा करून सावलीत सपाट ठेवावा आणि त्यावर ओळीने चार थेंब टाकावेत. पहिला थेंब मूळ पाण्याचा, म्हणजे टँकरचा किंवा बोअरवेलचा. दुसरा शुद्धीकरणातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पाण्याचा. तिसरा पोलच्या टोकाशी, नोझलमधून येणाऱ्या पाण्याचा. आणि चौथा ब्रशच्या केसांतून निथळलेल्या पाण्याचा, जे स्वच्छ प्लॅस्टिकच्या पेल्यात धरावे. थेंब आपोआप वाळू द्यावेत, फुंकर किंवा पंखा लावू नये.

पहिला थेंब डाग सोडणारच, तो तुलनेसाठी आहे. दुसऱ्याने डाग सोडला तर दोष शुद्धीकरणात आहे. दुसरा स्वच्छ आणि तिसरा डागाळलेला असेल तर टाकी, पंप किंवा पाइप खराब आहे. तिसरा स्वच्छ आणि चौथा डागाळलेला असेल तर ब्रश मळला आहे. चारांपैकी फक्त पहिलाच डागाळला तर पाण्याचा विषय तिथेच संपतो आणि आपण खिडकीकडे वळावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी या शेवटच्या प्रकारात मोडतात, आणि नवशिके मात्र आपला सगळा पैसा शुद्धीकरणावर घालवतात.

दोष शुद्धीकरणात असेल तर

महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून मुरलेले बोअरवेलचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते, आणि सिलिकाही बऱ्यापैकी घेऊन येते. धरणातून येणारे महापालिकेचे पाणी त्या मानाने पुष्कळ मृदू असते. त्यामुळे एकाच शहरात, दोन किलोमीटरच्या अंतरावर, एका सोसायटीत मीटर शंभराच्या आत दाखवतो आणि दुसरीत सहाशेच्या वर जातो. टँकरचे तर विचारूच नये. सोमवारचा टँकर आणि गुरुवारचा टँकर वेगळ्या विहिरीवर भरलेला असू शकतो. यासाठी मूळ पाणी दर वेळी मोजावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत सूट आहे. म्हणजे जे पाणी प्यायला नियमात बसते ते काचेसाठी पूर्णपणे निकामी असू शकते, आणि ‘आमचे पाणी गोड आहे हो’ या वॉचमनच्या आश्वासनाला आपल्या कामात काही अर्थ नाही.

आता रेझिनचे गणित पाहू. मिश्र रेझिनच्या डब्यात दोन प्रकारचे मणी असतात. एक प्रकार कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे धनभारित कण पकडून हायड्रोजन सोडतो, दुसरा क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट पकडून हायड्रॉक्सिल सोडतो, आणि या दोहोंचे पाणी होते. एक लिटर रेझिन ढोबळमानाने पंचवीस ग्रॅम क्षार पकडून थकते. मूळ पाणी ६०० पीपीएमचे असेल तर दहा लिटर रेझिनमधून जेमतेम चारशे लिटर पाणी निघते. ब्रशमधून मिनिटाला दीड ते दोन लिटर पाणी जाते असे धरल्यास प्रत्यक्ष चार तास पाणी चालू राहिले तर साडेतीनशे ते पावणेपाचशे लिटर लागतात. म्हणजे रेझिनचा संपूर्ण डबा एका दिवसात संपला. सकाळी धुतलेल्या काचा स्वच्छ आणि दुपारी चारनंतरच्या डागाळलेल्या, असे गूढ ज्यांना पडते त्यांनी हे गणित आपल्या पाण्याचे आकडे घालून एकदा करून पाहावे.

जड पाण्याच्या भागात म्हणूनच आधी आरओ आणि त्यानंतर रेझिन अशी जोडणी लागते. आरओने पंचाण्णव टक्के क्षार अडवले तर ६०० चे ३० होतात आणि तेच दहा लिटर रेझिन आठ हजार लिटरांच्या आसपास चालते. इथे तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, घरगुती आरओ यंत्र वापरणे. ते ताशी बारा-पंधरा लिटर पाणी देते, म्हणजे एका दिवसाच्या कामासाठी ते दीड दिवस चालवावे लागेल. शिवाय त्यात बहुधा चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, जो आपल्या दृष्टीने शत्रूच आहे. दुसरी, सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला आहे म्हणून निर्धास्त राहणे. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो, एकूण क्षार कमी करत नाही. त्याचे डाग पुसायला सोपे असतात इतकाच फरक. तिसरी, आरओच्या आधी कार्बन फिल्टर न लावणे किंवा तो वर्षानुवर्षे न बदलणे. महापालिकेच्या पाण्यातले क्लोरीन मेम्ब्रेनचा पडदा हळूहळू खाते, आणि मग ३० च्या जागी १०० पीपीएमचे पाणी रेझिनकडे जाऊ लागते. आरओमधून वाया जाणारे पाणी शुद्ध पाण्याइतके किंवा त्याहून अधिक असते. ते गटारात सोडण्याऐवजी सोसायटीच्या पार्किंगच्या फरशीसाठी देऊ केल्यास टँकरच्या पैशांवरून होणारी कुरबुर थांबते, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत फसवे प्रकरण म्हणजे मीटर शून्य-दोन दाखवतो आणि तरीही काचेवर पातळ दुधट पडदा येतो. टीडीएस मीटर प्रत्यक्षात क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. विरघळलेली सिलिका विजेच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य असते. रेझिन थकू लागले की सर्वांत आधी तीच निसटते, मीटरचा आकडा वर जाण्यापूर्वी. बोअरवेलच्या पाण्यावर नुसते रेझिन चालवणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो, आणि रेझिनच्या आधी आरओ लावल्यास सिलिकेचा बहुतांश भाग तिथेच अडतो. थकलेल्या रेझिनला काही वेळा माशासारखा वास येतो. तो आला तर मीटर काहीही म्हणो, रेझिन बदलावे.

मीटरवर आंधळा विश्वास नको, तसा अकारण अविश्वासही नको. मोजण्यापूर्वी त्याची टोके त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यावीत, नाहीतर आधी बोअरवेलच्या पाण्यात बुडवलेला मीटर शुद्ध पाण्यातही दहा-पंधरा दाखवतो. अधूनमधून ३४२ पीपीएमच्या प्रमाणित द्रावणात त्याची खात्री करावी.

दोष टाकी, पाइप किंवा ब्रशमध्ये असेल तर

हा भाग थोडक्यात आटोपतो. शुद्ध पाणी धातूच्या टाकीत साठवू नये; ते धातूतून आणि गंजातून क्षार उचलते. प्लॅस्टिकची, झाकण घट्ट बसणारी आणि प्रकाश आत न येऊ देणारी टाकी घ्यावी, कारण उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या टाकीत शेवाळ धरते. रात्रभर साठवलेल्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून मीटर एखाद्या अंकाने वर जाऊ शकतो, त्याची चिंता नको; पण संध्याकाळी शून्य आणि सकाळी आठ असे झाले तर टाकी आतून घासावी. नवीन पाइपमधले पहिले काही मिनिटांचे पाणी वाया घालवावे. ब्रशचे केस प्रत्येक इमारतीनंतर शुद्ध पाण्यानेच उलटसुलट धुवावेत, आणि कबुतरांची विष्ठा घासलेला ब्रश त्याच फेरीत काचेला लावू नये. विष्ठेसाठी मी जुना ब्रश वेगळा ठेवतो.

पाणी निर्दोष असेल तर

ज्या देशांत ही पद्धत रुळली आहे, उदाहरणार्थ ब्रिटन, जिथे उंचीवरील कामाचे २००५ चे नियम आल्यावर शिडी टाळण्याकडे कल वाढला, तिथली प्रात्यक्षिके पाहून आपण शिकतो. तिथली खिडकी वारंवार पावसाने धुतली जाते आणि सफाई करणारा महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे कोरडी धूळ बसत राहते, शेजारी बांधकाम चालू असते, आणि खिडकीवर छज्जा, समोर ग्रिल, बाजूला जाळी आणि खाली स्लायडरचा ट्रॅक असतो. या प्रत्येक ठिकाणी साचलेली धूळ आपल्या शुद्ध पाण्यात कालवली जाऊन काचेवर उतरते. पाणी टाकीत शून्य असले तरी काचेवर पोचताना ते शून्य राहत नाही.

यावर उपाय क्रमाचा आहे. आधी छज्ज्याची खालची कड आणि चौकटीचा वरचा आडवा सेक्शन भरपूर पाण्याने घासून घ्यावा, मग बाजूचे सेक्शन, आणि हे सगळ्या मजल्यावरच्या खिडक्यांना करून झाल्यावर पहिल्या खिडकीकडे परत यावे. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत फटींतले पाणी निथळून जाते. त्यानंतर फक्त काच घासावी आणि शेवटचे पाणी सोडताना ब्रश वरच्या चौकटीला अजिबात लागू देऊ नये. काचेच्या वरच्या कडेखाली बोटभर जागा सोडून तिथून खाली यावे. दुसऱ्या फेरीत चौकटीला ब्रश लागला की पुन्हा थेंब गळू लागतात आणि पहिल्या फेरीचे श्रम वाया जातात. कामाला वेळ जास्त लागतो हे खरे, पण परत येऊन फुकट धुण्यापेक्षा तो कमीच असतो. इमारत नेहमी वरच्या मजल्यापासून खाली धुवत यावी हे सांगायची गरज नसावी, तरी एका बाजूचे चार मजले उलट क्रमाने धुतलेले मी पाहिले आहेत.

जुन्या अॅल्युमिनियमच्या चौकटीवर बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली तर पावडर कोटिंग सुटत आहे, आणि ती भुकटी कितीही धुतले तरी प्रत्येक वेळी थोडी उतरणारच. अशा खिडकीची चौकट ओली न करता फक्त काच धुवावी किंवा ती काच हाताने, वायपरने करावी. बाहेरून घट्ट ग्रिल बसवलेल्या खिडक्यांनाही हाच नियम. ब्रश काचेला पूर्ण टेकत नसेल तर पोलचा आग्रह धरू नये. लोखंडी ग्रिलवरून ओघळलेला गंज काचेवर आला तर दोष आपल्याच माथी येतो.

काचेचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. काही काचांवर पाणी सलग चादरीसारखे पसरते, काहींवर त्याचे मणी होतात, आणि सिलिकॉनच्या सांध्याजवळ तर एकाच काचेवर दोन्ही प्रकार दिसतात. चादर होणाऱ्या काचेवर ब्रश टेकवूनच सावकाश खाली आणत पाणी सोडले तरी चालते. मणी होणाऱ्या काचेवर मात्र ब्रश किंचित दूर धरून जास्त पाणी सोडावे लागते, आणि शक्य असल्यास बारीक धारेऐवजी पंख्यासारखा फवारा देणारे नोझल लावावे. याआधी कोणी साबण किंवा ग्लास क्लीनरने पुसलेली काच पहिल्या दोन धुण्यांत पडदा दाखवतेच. हे ग्राहकाला आधी सांगितले तर तक्रार होत नाही, नंतर सांगितले तर सबब वाटते.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेल्या काचेवर पाणी खाली पोचण्याआधीच वरचा भाग वाळतो आणि सुटलेला मळ तिथेच चिकटतो. पूर्वेकडची बाजू दुपारनंतर आणि पश्चिमेकडची सकाळी घ्यावी. त्याच वेळी वर पाहून विजेच्या तारा कुठे आहेत तेही हेरून ठेवावे: कार्बन फायबरचा पोल वीज वाहून नेतो, अॅल्युमिनियमचा नेतोच, आणि ओला झालेला कोणताही पोल सुरक्षित समजू नये. पोल हातातून निसटून आडवा पडला तर तारेला लागेल अशा जागी तो उभारूच नये, मग ग्राहक कितीही आग्रह करो.

शेवटी उरतात ते मुळात आपले नसलेले डाग. वर्षानुवर्षे टाकी भरून वाहिली, कुंड्यांचे पाणी गळले किंवा ताज्या सिमेंटवरून पावसाचे पाणी ओघळले की काचेवर कडक थर बसतो, जो धुळीखाली झाकलेला असतो आणि आपण धूळ काढली की उघडा पडतो. कोपऱ्यात साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा पाच मिनिटे ठेवून पाहावे, खाली संगमरवराची किंवा चुनखडीची पट्टी असल्यास तिच्यावर तो ओघळू न देता. डाग विरघळला तर तो कॅल्शियमचा आहे आणि हाताने काढता येतो. जराही हलला नाही तर तो सिलिकेचा आहे किंवा काचच खाल्ली गेली आहे, आणि तिथे पॉलिश करणाऱ्याचे काम सुरू होते. दुकानात मिळणाऱ्या काही ‘इन्स्टंट’ डागनाशकांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते काच खातात आणि त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करतात, म्हणून बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नये. अशा काचांचे मी कामाला सुरुवात करण्यापूर्वी, धूळ असतानाच, ओले बोट फिरवून जवळून फोटो काढतो आणि सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी पाठवून देतो.